लाख कोटींचं माप : संरक्षण खर्चाचा आकडा वाचायचा कसा?

तुकईथडच्या बाजारात कापूस विकून आलेला शेतकरी पैसे मोजतो तेव्हा दहाची नोटही त्याच्या नजरेतून सुटत नाही. हमाली किती कापली, तोलाई किती गेली, ओलाव्यापोटी व्यापाऱ्याने किती घट धरली, हे सगळं तो तोंडी सांगतो. ग्रामसभेत पाच लाखांच्या सीसी रोडवरून तासभर खडाजंगी होते. गिट्टी किती आली, सिमेंटच्या गोण्या किती लागल्या, रोड कागदावर आहे तेवढाच जमिनीवर आहे का, असे नेमके प्रश्न विचारले जातात. संध्याकाळी हीच माणसं टीव्हीसमोर बसतात आणि ऐकतात की केंद्र सरकारने संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद केली. यावर कोणी काही विचारत नाही. निवेदकाने चुकून ‘६८ हजार कोटी’ म्हटलं असतं तरी बहुतेकांच्या ते ध्यानात आलं नसतं. म्हणजे दहापटीची चूक पचून गेली असती, आणि तीही दहा रुपयांचा फरक पकडणाऱ्या माणसांना.

याचा शिक्षणाशी फारसा संबंध नाही. बुऱ्हाणपूरच्या वकिलाचं, भुसावळच्या प्राध्यापकाचं आणि पुण्यातल्या इंजिनिअरचंही असंच होतं. आकडा एका हद्दीपलीकडे गेला की आपण तो मोजणं थांबवतो आणि ‘लई मोठा’ या एकाच पेटीत टाकून देतो. त्या पेटीत पाचशे कोटी आणि पाच लाख कोटी शेजारी शेजारी पडून राहतात. पैसा मात्र आपलाच असतो. म्हणून ही पेटी उघडायला शिकलं पाहिजे, आणि त्यासाठी एक वही आणि भागाकार एवढं पुरतं.

डोक्यातली रेघ

एक साधा प्रयोग करून पाहा. कागदावर एक आडवी रेघ ओढा. डाव्या टोकाला एक हजार लिहा, उजव्या टोकाला शंभर कोटी. आता या रेघेवर दहा लाख कुठे येतील तिथे खूण करा.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी असाच प्रयोग करून २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. तिथे आकडे अर्थातच त्यांच्या पद्धतीचे होते : थाउजंड, मिलियन, बिलियन. बरेच लोक मिलियनची, म्हणजे दहा लाखांची खूण रेघेच्या जवळजवळ मध्यावर करत होते. खरी जागा डाव्या टोकाला चिकटून आहे, कारण दहा लाख हे शंभर कोटींचा हजारावा भाग आहेत. रेघ एक मीटरची असेल तर खूण डाव्या टोकापासून एका मिलिमीटरवर पडायला हवी.

चूक का होते? हजार, दहा लाख, शंभर कोटी ही नावं ऐकताना आपलं मन त्यांना पायऱ्या समजतं. एक पायरी, दुसरी पायरी, तिसरी पायरी, आणि सगळ्या सारख्याच उंचीच्या. प्रत्यक्षात प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या हजारपट उंच आहे. लहान आकड्यांत मनाची ही सवय उपयोगी पडते. दोन आंबे आणि चार आंबे यांतला फरक डोळ्यांत भरतो, दोनशे दोन आणि दोनशे चार यांतला भरत नाही, आणि भरायची गरजही नसते. मन फरकापेक्षा पट पाहतं. घरखर्चाला ही नजर पुरते, पण देशाच्या खर्चापुढे ती तोकडी पडते.

आकड्यांना नावं देण्यात आपले पूर्वज मुळीच मागे नव्हते. खानदेशातल्या चाळीसगावजवळच्या पाटण इथे ज्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, त्या भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दहा-दहाच्या पटीने परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत नावं दिली आहेत. आपला आजचा ‘एक लाख कोटी’ त्या यादीत महापद्म म्हणून येतो, एकावर बारा शून्यं. नाव असलं तरी अंदाज येईलच असं नाही. त्यासाठी आकडा अशा गोष्टीवर ठेवून पाहावा लागतो, जिची लांबी-रुंदी आपल्याला पायांनी ठाऊक आहे.

अकोला ते खांडवा

तुकईथडच्या माणसाला अशी एक गोष्ट जन्मापासून माहीत आहे : अकोला-खांडवा ही जुनी छोटी लाईन. ब्रॉडगेजसाठी ती बंद पडेपर्यंत या गाडीने लोक अकोटला लग्नाला गेले, खांडव्याला दवाखान्यात गेले. वान रोड, धूळघाट, डाबका असं करत गाडी सातपुडा ओलांडायची. अकोल्यापासून खांडव्यापर्यंत या जुन्या मार्गाची लांबी सुमारे पावणेदोनशे किलोमीटर.

आता २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातली संरक्षण मंत्रालयाची पूर्ण तरतूद, ६,८१,२१० कोटी रुपये, या रुळांवर पसरू. अकोला स्टेशन म्हणजे शून्य रुपये आणि खांडवा स्टेशन म्हणजे ६,८१,२१० कोटी.

या मापात एक कोटी रुपये म्हणजे सुमारे २६ सेंटिमीटर, वितीहून थोडं जास्त. आयुष्यभर राबूनही ज्या एक कोटीचं तोंड बहुतेकांना दिसत नाही, ते अकोल्याच्या फलाटावर एका स्लीपरची रुंदी ओलांडता ओलांडता संपतात. एक लाख रुपये म्हणजे अडीच मिलिमीटर. ग्रामसभेत ज्यावरून तासभर वाद झाला तो पाच लाखांचा रोड सव्वा सेंटिमीटरचा, बोटाच्या पेराएवढाही नाही.

उलट दिशेने चला. शंभर कोटी म्हणजे सुमारे २६ मीटर, गाडीच्या एका डब्याहून थोडं जास्त. हजार कोटी म्हणजे पाव किलोमीटर. दहा हजार कोटी म्हणजे अडीच किलोमीटर, पायी अर्ध्या तासाची वाट. एक लाख कोटींसाठी जवळजवळ २६ किलोमीटर चालावं लागतं, म्हणजे भल्या पहाटे निघालात तर दुपार होते. असे पावणेसात टप्पे केले की खांडवा येतं.

निवेदकाच्या त्या चुकीकडे आता पुन्हा पाहा. ६८ हजार कोटींना गाडी साडेसतरा किलोमीटरवर थांबली असती. अकोटसुद्धा आलं नसतं.

> चौकट : आकड्यांची ओळख
>
> १०० लाख = १ कोटी (एकावर ७ शून्यं)
>
> १०० कोटी = १ अब्ज = इंग्रजी बातमीतला १ बिलियन (एकावर ९ शून्यं)
>
> १ लाख कोटी = १,००० अब्ज = १ ट्रिलियन (एकावर १२ शून्यं)
>
> एका माणसामागे किती, हे काढायचं असेल तर रक्कमही कोटीत घ्या आणि लोकसंख्याही कोटीत घ्या. कोटीला कोटी काटले जातात आणि उरतो तो साधा भागाकार.

पैसा जातो कुठे?

संरक्षण खर्च म्हटलं की डोळ्यांपुढे विमानं, तोफा आणि युद्धनौका येतात. पैशांचा मोठा वाटा मात्र माणसांवर जातो. हे रुळांवरच बघू.

अकोल्याहून निघालो की पहिले ४१ किलोमीटर निवृत्तिवेतनाचे. १,६०,७९५ कोटी रुपये. अकोट अकोल्यापासून ४४ किलोमीटरवर आहे, म्हणजे अकोट दिसू लागेपर्यंत आपण फक्त पेन्शनच्या हद्दीतून जात असतो. संरक्षण खात्याचे सुमारे ३४ लाख निवृत्तिवेतनधारक आहेत आणि त्यांत शहीद जवानांच्या पत्नीही येतात. भागाकार केला तर माणशी वर्षाला पावणेपाच लाखांच्या आसपास येतात. हातात पडणारी सरासरी पेन्शन मात्र एवढी नसते. निवृत्त होताना मिळणारी ग्रॅच्युइटी, पेन्शनचा विकून घेतलेला भाग आणि थकबाकीही याच रकमेतून जातात, आणि हवालदार व जनरल दोघंही याच हिशेबात आहेत. तरीही या एका भागाकाराने अंदाज येतो की एवढी प्रचंड रक्कम कुठल्या अंधाऱ्या खोलीत गडप होत नाही. ती बुलढाणा, सातारा, भिंड-मुरैना अशा जिल्ह्यांतल्या लाखो घरांत दर महिन्याला पोचते.

पुढचे ८० किलोमीटर, म्हणजे सबंध सातपुड्याचा टप्पा, सैन्य रोज चालवण्याचे. ३,११,७३२ कोटी. यात पगार आणि भत्ते आले, रेशन आलं, इंधन, दारूगोळा, सुटे भाग, दुरुस्ती, बर्फातल्या चौक्यांवर सामान पोचवणं आलं. सरकारी भाषेत याला महसुली खर्च म्हणतात. जो खर्च केला की त्या वर्षापुरतं काम भागतं, पण मागे नवी मालमत्ता उभी राहत नाही, तो महसुली.

त्यानंतर ४६ किलोमीटर भांडवली खर्चाचे. १,८०,००० कोटी. विमानं, जहाजं, रणगाडे, क्षेपणास्त्रं, रडार, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणाऱ्या गोष्टी इथे येतात. वर्तमानपत्रांत ज्याच्या बातम्या येतात तो जवळजवळ सगळा खर्च एवढ्याच टप्प्यातला असतो. शेवटचे सात-साडेसात किलोमीटर तटरक्षक दल, सीमा रस्ते संघटना अशा मंत्रालयाच्या इतर कामांचे, आणि मग खांडवा.

यंत्रसामग्री खरेदीच्या रकमेतला तीन चतुर्थांश भाग, १,११,५४४ कोटी रुपये, त्या वर्षी देशातल्याच कारखान्यांसाठी राखून ठेवला होता. हे कारखाने आपल्याला परके नाहीत. बुऱ्हाणपूरहून रेल्वेने तासाभरात भुसावळ येतं. तिथे आयुध निर्माणी आहे, आणि जवळच वरणगावला १९६२ च्या युद्धानंतर उभी राहिलेली काडतुसांची निर्माणी आहे. ऑक्टोबर २०२१ पासून या निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत विभागल्या गेल्या. वरणगाव पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेली आणि भुसावळ नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. रावेर, यावल, बोदवडच्या कितीतरी घरांची चूल या रुळांवरच्या काही मीटरवर पेटते. खर्च हा शब्द ऐकताना पलीकडच्या बाजूला कोणाची तरी मिळकत असते, हे विसरून चालत नाही.

कोटीला कोटी काटा

रुळांवरून आकाराचा अंदाज आला. आता तो घरात आणू. २०२५ मध्ये भारताची लोकसंख्या सुमारे १४६ कोटी धरतात. ६,८१,२१० कोटी भागिले १४६ कोटी. दोन्हीकडचे कोटी काटले की ६,८१,२१० भागिले १४६ उरतात. उत्तर सुमारे ४,६६६ रुपये. तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत प्रत्येकामागे वर्षाला एवढे, म्हणजे दिवसाला पावणेतेरा रुपये. पाच माणसांच्या घरामागे वर्षाला तेवीस हजारांच्या वर.

हा भागाकार मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण ज्या आकड्यापुढे बोलती बंद होत होती तो एकदम कापसाच्या पट्टीच्या शेजारी येऊन बसतो. तेवीस हजार म्हणजे काय, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. ही रक्कम जास्त आहे की रास्त, यावर मतं वेगळी असू शकतात, पण आता निदान मत तरी होऊ शकतं.

गावाचाही हिशेब निघतो. पाच हजार वस्तीच्या गावामागे वर्षाला सव्वादोन कोटींहून जास्त. २०११ च्या जनगणनेत बुऱ्हाणपूर जिल्ह्याची लोकसंख्या ७,५७,८४७ होती. आज ती वाढली आहे, पण तीच धरली तरी जिल्ह्यामागे साडेतीनशे कोटींच्या वर होतात.

इथे एक खबरदारी घ्यावी लागते. ‘माणशी ४,६६६’ याचा अर्थ प्रत्येकाच्या खिशातून तेवढेच गेले असा होत नाही. कोणी प्राप्तिकर भरतो, कोणी फक्त साबण-डिझेलवरचा कर भरतो. शिवाय सरकार सगळा खर्च करातून भागवत नाही. त्याच २०२५-२६ मध्ये सुमारे १५ लाख ६९ हजार कोटींची तूट, म्हणजे मुख्यतः कर्जाने उभा करायचा पैसा, अर्थसंकल्पातच दाखवला होता. त्यामुळे आजच्या खर्चाचा काही भाग आजची लहान मुलं मोठी झाल्यावर फेडणार आहेत.

तेरा टक्के, आठ पैसे की दोन टक्के?

आता एक कोडं. एका वर्तमानपत्रात छापून येतं की केंद्राच्या खर्चातले १३ टक्के संरक्षणावर जातात. दुसऱ्यात ‘रुपया कुठे जातो’ या चित्रात संरक्षणाचे फक्त ८ पैसे दिसतात. तिसऱ्यात एखादे निवृत्त सेनाधिकारी लिहितात की आपण जेमतेम दोन टक्के खर्च करतो. तिघंही खरं बोलत असतात, वर्षही तेच असतं.

फरक आहे तो कशाने भागलं यात. केंद्राचा २०२५-२६ चा एकूण खर्च ५०,६५,३४५ कोटी. त्यातले ६,८१,२१० कोटी म्हणजे १३.४५ टक्के. हा पहिला आकडा.

रुपयाच्या चित्रात दोन गोष्टी बदलतात. खाली, म्हणजे छेदात, केंद्राच्या खर्चाबरोबर करांतला राज्यांचा सुमारे १४ लाख २२ हजार कोटींचा हिस्साही धरतात. त्यामुळे एकूण जवळजवळ ६५ लाख कोटींवर जाते. वर, म्हणजे अंशात, संरक्षणाची पेन्शन धरत नाहीत, ती ‘पेन्शन’ या वेगळ्या चकतीत जाते. पाच लाख कोटींना जरा कमी भागिले पासष्ट लाख कोटी, म्हणून आठ पैसे.

तिसऱ्या आकड्यात छेद असतो संपूर्ण देशाचं वर्षभराचं उत्पन्न. शेतकरी, कारखानदार, दुकानदार, नोकरदार, सगळ्यांनी मिळून वर्षभरात जेवढं मूल्य निर्माण केलं त्याची बेरीज, ज्याला सकल देशांतर्गत उत्पादन म्हणतात. अर्थसंकल्पात ते सुमारे ३५७ लाख कोटी धरलं होतं. त्याच्या १.९ टक्के संरक्षणावर.

ज्याला खर्च मोठा दाखवायचा असतो तो तेरा टक्के सांगतो, ज्याला तो अपुरा दाखवायचा असतो तो दोन टक्के सांगतो. टक्केवारी ऐकली की ‘कशाची टक्केवारी?’ हा प्रश्न तोंडात तयार पाहिजे. व्यापारी ‘इतके टक्के घट’ म्हणतो तेव्हा आपण हेच विचारतो, ओल्या वजनावर की सुक्या वजनावर?

जुने आकडे

दोन काळांतल्या रकमा शेजारी ठेवल्या की भुलायला होतंच. चीनशी युद्ध झालं त्या १९६२-६३ साली आपला संरक्षण खर्च पावणेपाचशे कोटींच्या आसपास होता. त्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. पुढच्याच वर्षी खर्च आठशे कोटींच्या वर गेला. मग १९६४ ते ६९ अशी पाच वर्षांची संरक्षण योजना आखली गेली, तीही सुमारे पाच हजार कोटींची. आपल्या रुळांवर ते आठशे कोटी जेमतेम दोनशे मीटर भरतात. पण देशाच्या त्या वेळच्या उत्पन्नात त्यांचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास होता, आजच्या जवळजवळ दुप्पट. रक्कम शेकडो पटींनी लहान, आणि देशाच्या पाठीवरचं ओझं मात्र जड. अन्नधान्य बाहेरून आणावं लागत होतं अशा काळातलं ते ओझं होतं.

आणखी मागे जायचं तर बुऱ्हाणपूरच पुरेसं आहे. मोगलांच्या दख्खनच्या मोहिमांचा तळ कित्येक दशकं याच शहरात होता. अकबराने असीरगडाला वेढा घातला, शाहजहानने १६३० च्या दुष्काळी सालांत इथे छावणी टाकली आणि १६३१ मध्ये मुमताज महल इथेच वारली. औरंगजेब नोव्हेंबर १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला तोही आधी बुऱ्हाणपुरात. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने १६४७ च्या सुमारास साम्राज्याचा वार्षिक महसूल ८८० कोटी दाम लिहून ठेवला आहे. दाम हे तांब्याचं नाणं, हिशेबाला चाळीस दामांचा एक रुपया. म्हणजे काबूलपासून दख्खनपर्यंतच्या साम्राज्याची वर्षाची आकारणी २२ कोटी रुपये. आज बावीस कोटींत शहरातला एखादा पूल होतो.

पण त्या बावीस कोटींची वाटणी पाहा. इतिहासकार ए. जान कैसर यांनी मांडलेल्या हिशेबानुसार एकूण महसुलापैकी ६१.५ टक्के अवघ्या ४४५ बड्या मनसबदारांच्या वाट्याला जात होते. मनसबदार म्हणजे बादशहासाठी ठरलेलं घोडदळ बाळगणारा सरदार. या रकमेतला काही भाग त्यांच्या हवेल्यांवर आणि चैनीवर जात होता, पण मोठा भाग घोडे, स्वार आणि हत्यारं यांच्यावर. तापीकाठच्या कुणब्याने भरलेल्या साऱ्यातला किती हिस्सा घोड्यांच्या पोटात जात असेल, हे यावरून कळतं. आजच्या तेरा टक्क्यांकडे या पार्श्वभूमीवर पाहिलं की रकमेपेक्षा वाटा का मोजायचा, हे वेगळं समजवावं लागत नाही.

एकाच खरेदीच्या तीन बातम्या

मोठ्या रकमांचा गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे खरेदीच्या बातम्या. तेजस विमानांचं उदाहरण घेऊ, कारण त्यांची एक जुळणी साखळी ऑक्टोबर २०२५ पासून आपल्या नाशिकला, हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये सुरू झाली आहे.

सैन्याची मोठी खरेदी पायऱ्यापायऱ्यांनी होते. आधी संरक्षण खरेदी परिषद ‘ही गोष्ट खरंच हवी’ असं मान्य करते. मग किंमत मागवतात, घासाघीस होते. मग पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती मंजुरी देते. त्यानंतर करारावर सह्या होतात. पुढे वर्षानुवर्षं माल येतो आणि हप्त्याहप्त्याने पैसे जातात. ९७ तेजस विमानांची पहिली मान्यता नोव्हेंबर २०२३ मध्ये मिळाली, मंत्रिमंडळ समितीची मंजुरी ऑगस्ट २०२५ मध्ये आणि करार २५ सप्टेंबर २०२५ ला झाला. करवगळता किंमत ६२,३७० कोटी. तिन्ही वेळा ठळक मथळे आले. वाचणाऱ्याला वाटतं सरकारने तीनदा खरेदी केली. विमानं तीच, पैसे तेच, आणि तिसऱ्या बातमीच्या दिवशीसुद्धा त्यातला मोठा भाग तिजोरीतच होता. विमानं २०२७-२८ पासून सहा वर्षांत यायची आहेत.

म्हणून कराराची रक्कम आणि वर्षाची तरतूद यांची बेरीज कधी करू नये. २०१६ मध्ये ३६ राफेल विमानांचा करार सुमारे ५९ हजार कोटींचा झाला. तो कोणत्याही एका वर्षाच्या रुळांवर पूर्ण पडत नाही, अनेक वर्षांच्या भांडवली टप्प्यांत थोडा थोडा विखुरलेला आहे. आणि खरेदी झाली म्हणजे खर्च संपला असंही नाही. लढाऊ विमान तीस-चाळीस वर्षं चालतं. तेवढी वर्षं इंधन, सुटे भाग, इंजिनांची दुरुस्ती-देखभाल, वैमानिकांचं प्रशिक्षण हे सगळं महसुली खात्यातून जात राहतं. विकत घेतानाच्या किमतीवर भांडणं होतात, सांभाळायच्या किमतीवर सहसा होत नाहीत. माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाकडे जास्त लक्ष द्यायला हवं, कारण तिथे पैसा गाजावाजा न होता जातो.

डॉलरमधले आकडे

स्टॉकहोमची सिप्री ही संस्था दरवर्षी जगाच्या सैनिकी खर्चाचा अंदाज देते. तिच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगाने २,७१८ अब्ज डॉलर खर्च केले, त्यांतले ९९७ अब्ज एकट्या अमेरिकेने. भारत ८६ अब्जांसह पाचवा. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर अमेरिकेचा आकडा सुमारे ८५ लाख कोटी होतो. आपल्या केंद्र सरकारचा सगळा खर्च, रेल्वे, रस्ते, खत, शिक्षण, व्याज, सैन्य सगळं धरून, याहून बराच कमी आहे.

पण डॉलरमध्ये बदलून केलेली तुलना अर्धीच खरी असते. आपला जवान पगार रुपयांत घेतो आणि डाळ-तांदूळ आपल्या भावाने खातो. तेच काम अमेरिकी सैनिकाकडून करून घ्यायला कितीतरी जास्त डॉलर लागतात. शिवाय कोणता खर्च सैनिकी धरायचा हेही जागोजागी बदलतं. सीमा सुरक्षा दल आणि केंद्रीय राखीव पोलीस दल आपल्याकडे गृह मंत्रालयाखाली येतात, ते ६,८१,२१० कोटींत नाहीत. सिप्री निमलष्करी दलांचाही खर्च धरते.

तुलना करताना

‘एका विमानाच्या पैशांत किती शाळा झाल्या असत्या’ हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. आकार समजायला तो चांगला आहे. रोजगार हमीसाठी २०२५-२६ मध्ये ८६ हजार कोटींची तरतूद होती. आपल्या रुळांवर ती २२ किलोमीटर भरते, सैन्याच्या भांडवली खर्चाच्या निम्म्याहून किंचित कमी. मेळघाट आणि खकनारच्या ज्या कोरकू घरांनी या योजनेच्या मजुरीची महिनोन् महिने वाट पाहिली आहे, त्यांना ही लांबी ठाऊक असण्याचा पूर्ण हक्क आहे.

निवाडा मात्र एवढ्यावरून होत नाही. शाळा, दवाखाने आणि पोलीस यांचा मोठा खर्च राज्यं करतात, केंद्र नाही. म्हणून केंद्राच्या कागदावर शिक्षणाशेजारी सैन्य ठेवलं की शिक्षण खऱ्याहून लहान दिसतं. आणि सीमेवर काय चाललं आहे याचं उत्तर भागाकारात नसतं. भागाकार एवढंच करतो की प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा दोघंही एकाच आकड्याबद्दल बोलू लागतात. लोकशाहीत ही काही लहान गोष्ट नव्हे. संसदेत संरक्षण खात्याच्या मागण्या पुष्कळदा चर्चेविनाच मंजूर होतात, तेव्हा तर ती आणखीच मोठी ठरते.

यातलं काहीही गुप्त नाही. दरवर्षी एक फेब्रुवारीला केंद्राचा अर्थसंकल्प मांडला जातो आणि त्याच दिवशी सगळी कागदपत्रं हिंदी आणि इंग्रजीत सरकारी संकेतस्थळावर येतात. संरक्षण मंत्रालयाच्या चार मागण्या त्यात वेगळ्या दिलेल्या असतात : मंत्रालयाचा इतर खर्च, महसुली, भांडवली आणि पेन्शन. खर्च झाल्यावर कॅग म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षक त्याची तपासणी करतात आणि त्यांचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात. येत्या एक फेब्रुवारीला गावातल्या एखाद्या शिकत्या मुलीला मोबाईलवर हे चार आकडे काढायला सांगा, बेरीज करा, एकशे शेहेचाळीस-सत्तेचाळीसने भागा, आणि जे उत्तर येईल ते पुढच्या ग्रामसभेत सीसी रोडच्या हिशेबाबरोबर वाचून दाखवा. खासदार मतं मागायला येतील तेव्हा त्यांना विचारायचा पहिला प्रश्न त्यातूनच निघेल.